लाकूडकाम, घराबाहेरील : दुरुस्ती व रंगलेपन

लाकूडकाम, घराबाहेरील : घराची दारे, खिडक्या, त्यांच्या चौकटी, सज्जाचे कठडे, छपराच्या कडेच्या फळ्या इ. ऊनपावसाच्या माऱ्यात असणाऱ्या लाकडी भागांचा नासलेला अंश काढून ते सांधणे व त्यांवर संरक्षक रंगाचे थर चढविणे, ही कामे या विषयात येतात. थोड्या हत्यारांनिशी ती घरच्या घरी करता येतात. मात्र रंग हा दुरुस्तीला पर्याय नव्हे. ओल्या वा कुजलेल्या लाकडावर दिलेला रंग दोष झाकतो आणि ओल आत कोंडून कूज वाढू देतो. म्हणून पाणी कोठून शिरते, हे शोधणे ही या कामाची पहिली पायरी होय.

बिघाडाची कारणे : हवेतील आर्द्रतेनुसार लाकूड जलांश शोषते व सोडते. त्यामुळे ते पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. जलांश कोरड्या लाकडाच्या वजनाच्या सु. २० टक्क्यांहून कमी राहिल्यास कूज आणणारी कवके वाढू शकत नाहीत. फळीच्या कापलेल्या टोकातून, म्हणजे तंतूंच्या दिशेने, पाणी तिच्या पृष्ठभागापेक्षा कितीतरी पट वेगाने आत जाते. यामुळेच कूज बहुधा चौकटीच्या पायाशी, खिडकीच्या तळपट्टीत व सांध्यांत प्रथम दिसते. सूर्यप्रकाशातील जंबुपार किरणांमुळे लाकडाच्या पृष्ठभागातील लिग्निन हे बंधक द्रव्य विघटित होते व लाकूड करडे, तंतुमय बनते. हा थर न काढता रंग दिल्यास त्याचे पोपडे सुटतात. रंधलेली नवी फळीही काही आठवडे उन्हात उघडी राहिली, तर तिच्यावर रंगाची पकड कमी होते.

तपासणी व दुरुस्ती : संशयित जागी पेचकसाचे टोक दाबून पाहावे. ते सहज रुतल्यास लाकूड कुजले आहे असे समजावे. गळकी पन्हळ, भिंत व चौकट यांमधील फट, निखळलेली काचेची लांबी किंवा घराकडे उतरती झालेली तळपट्टी हे दोष आधी दूर करावेत. नंतर कुजलेला भाग पटाशीने काढून निकोप लाकडापर्यंत पोहोचावे आणि त्यापलीकडेही काही सेंमी. भाग कापावा, कारण कवकाचे तंतू डोळ्यांना दिसणाऱ्या कुजीच्या पुढे गेलेले असतात. त्याच जातीच्या सुकलेल्या लाकडाचा तुकडा, तंतूंची दिशा सारखी ठेवून, तिरक्या सांध्याने व जलरोधक सरसाने बसवावा. कापलेल्या टोकांना परिरक्षक द्रव्य पाजावे. तळपट्टीला बाहेरच्या बाजूस उतार द्यावा आणि तिच्या खालच्या अंगास पाणी निथळण्यासाठी खाच ठेवावी. लहान भेगा व खिळ्यांची छिद्रे लांबीने भरता येतात. मोठी पोकळी तिने भरू नये.

पावसाळ्यात दार अडकू लागले की ते लगेच रंधण्याची चूक अनेकदा होते. असे दार उन्हाळ्यात आकसल्यावर त्याच्या कडेला फट पडते. बहुतेक वेळा दाराच्या वरच्या व खालच्या कडा रंगविलेल्या नसतात आणि ओल तेथूनच शिरते. दार सुकल्यावर उतरवून या कडा रंगविणे हा खरा उपाय होय.

जुना रंग काढणे : घट्ट चिकटलेला जुना रंग काढण्याची गरज नसते. सुटलेले पोपडे तेवढे खरवडून कडा घासून सपाट कराव्यात. जुन्या घरांतील रंगांत शिशाची संयुगे असण्याचा संभव असतो. भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम २०१६ मध्ये करण्यात आले व ते १ नोव्हेंबर २०१७ पासून अंमलात आले. त्यापूर्वीचा रंग संशयास्पद मानावा. शिशाची धूळ पोटात गेल्यास लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला अपाय होतो व झालेली हानी भरून येत नाही. म्हणून असा रंग कोरडा घासू नये, तसेच ज्योतीने जाळू नये. पृष्ठभाग ओला करून घासावा, खाली प्लॅस्टिकचे कापड अंथरावे, मुले व गर्भवती स्त्रिया यांना दूर ठेवावे आणि कचरा न झाडता ओल्या फडक्याने टिपून घ्यावा.

रंगलेपन : महाराष्ट्रात पावसाळ्यानंतर लाकूड सुकू द्यावे व हिवाळ्यापासून मे महिन्याच्या मध्यापर्यंत हे काम उरकावे. भर उन्हात तापलेल्या किंवा दवाने ओलसर झालेल्या पृष्ठभागावर रंग देऊ नये. घराच्या सावलीतील बाजूने काम करीत जावे. सागाच्या लाकडातील नैसर्गिक तैल द्रव्यांमुळे तेली रंग सुकण्यास विलंब लागतो, म्हणून ते आधी विरलकात बुडविलेल्या फडक्याने पुसावे. राळ स्रवणाऱ्या गाठींवर लाखेच्या द्रावणाचा हात द्यावा.

पृष्ठभाग तंतूंच्या दिशेने काचकागदाने घासल्यावर प्रथम अस्तराचा (प्रायमरचा) हात द्यावा. कापलेल्या टोकांना तो दोनदा द्यावा. लांबी अस्तरानंतर भरावी. कोऱ्या लाकडात भरल्यास तिच्यातील तेल लाकूड शोषून घेते व ती सुकून गळून पडते. ती घट्ट झाल्यावर घासून तिच्यावर पुन्हा अस्तर द्यावे व नंतर वरच्या रंगाचे दोन पातळ हात द्यावेत. एकच जाड हात वरून सुकतो, पण आत मऊ राहून सुरकुततो. तावदानाच्या लांबीवर रंग देताना तो काचेवर सु. २ मिमी. चढवावा, म्हणजे काच व लांबी यांमधील सांधा बंद होतो.

शिडी भिंतीला लावताना उंचीच्या एक-चतुर्थांश इतके अंतर पायथ्याशी ठेवावे. अळशीच्या तेलाने माखलेली फडकी गोळा करून ठेवल्यास ऑक्सिडीभवनाच्या उष्णतेने आपोआप पेटू शकतात. ती पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

निगा : दरवर्षी पावसाळ्यापूर्वी व नंतर तळपट्ट्या, सांधे व चौकटींचे पाय तपासावेत. भेग दिसताच घासून तेवढ्याच जागी अस्तर व रंग दिल्यास सबंध काम पुन्हा करावे लागत नाही. वारंवार दिलेल्या थरांमुळे मात्र रंगाचा लेप जाड व ठिसूळ बनून तडकतो. यासाठी लाकूड कोरडे व लेप अखंड आहे, तोवर केवळ धुऊन स्वच्छ करणे पुरेसे असते.