सर्व्हरची रॅम वाढवताना

अकोल्याच्या जठारपेठेत दवाखान्यांची गर्दी आहे. रुग्णांचे अहवाल सर्व्हरवर राहू लागले, की तो मंदावतो आणि रॅम वाढवावी लागते. मात्र घरच्या संगणकाची रॅम तिथे लावू नये. रॅममधला एक बिट उलटला, तर १०१ चे ००१, म्हणजे ५ चे १ होते. औषधाच्या मात्रेत ही चूक जिवावर बेतू शकते. म्हणून सर्व्हरला ईसीसी रॅम हवी. डीडीआर-४ प्रकारात ती ६४ बिटांमागे ८ जादा बिट ठेवते. त्यांच्या आधारे एका बिटाची चूक दुरुस्त होते, दोनांची कळते. रजिस्टर्ड आणि अनबफर्ड पट्ट्या एकत्र चालत नाहीत; मदरबोर्डची पुस्तिका पाहावी. आधी बॅकअप घ्यावा, वीज तोडावी, अंगातली स्थिर वीज उतरवावी. पट्टी बसवल्यावर मेमरीची चाचणी करावी, मगच अहवाल उघडावेत.