हिमशुष्कीकरण यंत्राचा निर्वात पंप : निगा आणि दक्षता

फळे, भाज्या, दूध अथवा शिजविलेले अन्न प्रथम गोठवून नंतर त्यातील पाणी काढून घेण्याच्या क्रियेस हिमशुष्कीकरण असे म्हणतात. उन्हात किंवा गरम हवेत वाळविलेले फळ आक्रसते, त्याचा रंग काळवंडतो आणि स्वादही बराचसा उडून जातो. हिमशुष्कीकरणात मात्र फळाचा आकार, रंग व गंध पुष्कळ अंशी कायम राहतो आणि पाण्यात टाकताच ते पुन्हा फुलून येते. औषधनिर्मितीच्या क्षेत्रात ही पद्धत जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात रक्तद्रव टिकविण्यासाठी तिचा मोठ्या प्रमाणावर अवलंब करण्यात आला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची गोवराची लसही याच पद्धतीने कोरडी करून कुप्यांत भरली जाते.

एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेत घरगुती वापरासाठी हिमशुष्कीकरण यंत्रे प्रचारात आली. लहान क्षमतेची अशी यंत्रे आता भारतातही मिळू शकतात आणि फळप्रक्रियेचा छोटा उद्योग करू इच्छिणाऱ्यांचे लक्ष त्यांकडे वेधले गेले आहे. या यंत्राचे शीतक, तापपट्ट्या व नियंत्रक हे भाग फारशी देखभाल मागत नाहीत. जो भाग ती सतत मागतो आणि जो दुर्लक्षामुळे सर्वांत आधी निकामी होतो, तो म्हणजे निर्वात पंप. त्याच्या निगेतील बहुतेक नियम एका सूत्रात सांगता येतात : पंपातील तेलात पाणी जाऊ देऊ नये, आणि गेलेच तर ते तेथे राहू देऊ नये.

पंपाची आवश्यकता

समुद्रसपाटीवर हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर उंचीच्या स्तंभाइतका असतो. हा दाब ४.५८ मिलिमीटरच्या खाली उतरला, म्हणजे बर्फाला वितळून पाणी होता येत नाही. उष्णता मिळताच त्याची सरळ वाफ होते. या क्रियेस संप्लवन म्हणतात. घरगुती यंत्रात सामान्यतः अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी दाब राखावा लागतो. तो राखला गेला नाही, तर फळातील बर्फ वितळतो, फळ बसते आणि हिमशुष्कीकरणाऐवजी चिकट लगदा हाती येतो.

सगळी वाफ पंपच ओढून बाहेर टाकतो, असा अनेकांचा समज असतो. तो बरोबर नाही. अर्धा मिलिमीटर दाबाला एक ग्रॅम पाण्याची वाफ सुमारे पावणेदोन हजार लिटर जागा व्यापते. पाच किलो स्ट्रॉबेरीत साधारणतः साडेचार किलो पाणी असते. त्याची वाफ पाऊण कोटी लिटरांहून अधिक होईल. मिनिटाला दीडशे लिटर ओढणाऱ्या लहान पंपास हे काम एकट्याने उरकावयाचे झाल्यास महिन्याहून अधिक काळ लागेल. म्हणून यंत्रातील कोष्ठाची भिंत उणे ४० अंश सेल्सियसच्या आसपास थंड ठेवतात. वाफ तेथेच गोठून बर्फाच्या थराच्या रूपाने साचते. कोष्ठातील हवा काढून घेणे आणि सूक्ष्म छिद्रांतून झिरपणारी हवा बाहेर टाकत राहणे, एवढेच पंपाचे काम होय. भिंतीवर न अडकलेली थोडी वाफ मात्र पंपापर्यंत पोहोचते आणि तेथूनच त्याच्या व्याधींना प्रारंभ होतो.

तेलाचे महत्त्व

अशा यंत्रांत बहुधा तेलावर चालणारा फिरत्या पात्यांचा पंप असतो. गोल पोकळीत किंचित एका बाजूला बसविलेला दंडगोल फिरतो आणि त्याच्या खाचांतील पाती पोकळीच्या भिंतीस घासत हवा पुढे ढकलतात. पाती व भिंत यांमधील बारीक फट तेलाच्या पापुद्र्याने बुजते. हे तेल वंगणाचे काम करते, पंप थंड ठेवते आणि हवा उलट येऊ देत नाही. त्यामुळे निर्वात पंपासाठी बनविलेले विशिष्ट तेलच वापरावे. मोटारीच्या इंजिनाच्या तेलातील काही घटकांची कमी दाबाला वाफ होते आणि पुरेशी निर्वातता येत नाही.

पंपात शिरलेली वाफ दाबली गेली की तिचे पाणी होते आणि ते तेलात मिसळते. असे तेल फट नीट बुजवीत नाही. शिवाय त्यातील पाण्याची पुन्हा वाफ होऊन दाब वाढतो. पाण्याने पोलाद गंजते. चिंच, लिंबू, अननस यांसारख्या पदार्थांतील आम्ल तेलात उतरल्यास ही झीज अधिक वेगाने होते.

जर्मन शास्त्रज्ञ वोल्फगांग गेडे यांनी १९३५ मध्ये यावर एक सोपा उपाय काढला. पंप हवा दाबत असतानाच एका लहान झडपेतून थोडी बाहेरची हवा आत सोडली, तर वाफेचे पाणी होण्यापूर्वीच ती त्या हवेबरोबर बाहेर पडते. या झडपेस गॅस बॅलास्ट म्हणतात. खेप संपल्यावर कोष्ठाकडील मार्ग बंद करून आणि ही झडप उघडी ठेवून गरम पंप अर्धा तास चालविल्यास तेलातील बरेचसे पाणी निघून जाते. झडप उघडी असता पूर्ण निर्वातता येत नाही, म्हणून नंतर ती आठवणीने बंद करावी.

तेलाची परीक्षा व बदल

पंपाच्या अंगावर काचेची लहान खिडकी असते. प्रत्येक खेपेपूर्वी तीतून तेल पाहावे. पातळी दोन खुणांच्या मध्ये असावी. तेल स्वच्छ व पिवळसर असल्यास चिंता नाही. ते दुधासारखे पांढुरके दिसल्यास त्यात पाणी शिरले आहे असे समजावे. काळपट झाले असल्यास ते तापून खराब झाले आहे किंवा त्यात अन्नाचे कण गेले आहेत.

तेल केव्हा बदलावे हे निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेले असते. साध्या पंपात ते चार-पाच खेपांनंतर काढून गाळण्याची पद्धत आहे. परंतु तेल पांढुरके दिसल्यास तेवढी वाट पाहू नये. पंप थांबवून, विजेची जोडणी काढून, तेल कोमट असतानाच ते काढावे. कोमट तेल पातळ असते व गाळ बरोबर घेऊन येते. काढलेले तेल एक-दोन दिवस भांड्यात स्थिर ठेवले असता बरेचसे पाणी तळाशी बसते. वरचे तेल बारीक गाळणीतून गाळून पुन्हा वापरता येते. मात्र गाळण्याने विरघळलेले आम्ल निघत नाही, म्हणून काही वेळा गाळल्यानंतर नवे तेल घालणेच हिताचे ठरते. खुणेच्या वर तेल भरू नये. जादा तेल धुराबरोबर बाहेर फेकले जाते.

तेल न लागणारे पंपही मिळतात. त्यांना तेल बदलण्याचा व्याप नसतो. तथापि त्यांची किंमत अधिक असते आणि झिजणारे भाग ठरावीक काळाने बदलावे लागतात.

क्रम चुकू नये

पदार्थ आतपर्यंत गोठला आहे आणि कोष्ठाची भिंत पुरेशी थंड झाली आहे, याची खात्री झाल्यावरच पंप सुरू करावा. अर्धवट गोठलेला रस निर्वातात उसळतो आणि त्याचे शिंतोडे नळीत जातात. निचऱ्याची झडप बंद आहे हे पाहावे. ती उघडी राहिल्यास दाब उतरत नाही, आणि आधीच्या खेपेचे पाणी नळीत असल्यास ते आत ओढले जाते. खेप संपल्यावर पंप थांबविताच झडप हळूहळू उघडून कोष्ठात हवा सोडावी. अन्यथा काही पंपांतील तेल नळीवाटे कोष्ठाकडे ओढले जाण्याचा संभव असतो. मध्येच वीज गेल्यासही हाच धोका असतो. म्हणून तेल उलट जाऊ न देणारी झडप असलेला पंप निवडावा. अमेरिकेत ११५ ते १२० व्होल्ट व ६० हर्ट्झ वीज असते, आपल्याकडे २३० व्होल्ट व ५० हर्ट्झ. तेथून यंत्र आणविताना ही बाब विसरून चालणार नाही.

दाब उतरत नसेल, तर पंप लगेच खोलू नये. प्रथम रिकाम्या व कोरड्या कोष्ठावर यंत्र चालवून पाहावे. तेव्हा दाब नीट उतरला, तर दोष पंपाचा नसून पदार्थाचा किंवा अपुऱ्या थंडीचा आहे. न उतरल्यास दाराची रबरी कडा पुसून तीवर केस किंवा कण नाही हे पाहावे, मग निचऱ्याची झडप, नळीचे सांधे आणि शेवटी तेल तपासावे. बहुतेक दोष विनाखर्च दूर होणारे असतात.

पंप हवेशीर जागी ठेवावा. त्याच्या धुरात तेलाचे सूक्ष्म तुषार असतात. म्हणून स्वयंपाकघर त्यास योग्य नव्हे. धुराच्या तोंडावरील गाळणी वेळोवेळी बदलावी. निकामी तेल गटारात अथवा जमिनीवर ओतू नये. २०१६ च्या घातक कचरा व्यवस्थापन नियमांत वापरलेल्या तेलाचा समावेश आहे; ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच द्यावे.

आरोग्याचा प्रश्न

पंपाची हेळसांड ही केवळ यंत्राची हानी नव्हे. हिमशुष्कीकरणाने जंतू मरत नाहीत. पाण्याअभावी ते निष्क्रिय होतात, इतकेच. पंप दुबळा झाला की तुकड्याचा गाभा ओला राहतो आणि वरून तो कोरडा भासतो. असा पदार्थ हवाबंद पाकिटात भरल्यास, विशेषतः आंबट नसलेल्या अन्नात, बॉट्युलिनमसारख्या घातक जंतूंना वाव मिळू शकतो. म्हणून खेप संपली असे वाटल्यावर थाळीचे वजन करावे, आणखी काही तास यंत्र चालवून पुन्हा वजन करावे. वजन घटणे थांबले, तरच पाकीट बंद करावे. जाड तुकडा मोडून आत गार किंवा मऊ भाग नाही हेही पाहावे.

प्रत्येक खेपेची तारीख, गाठलेला दाब, लागलेला वेळ आणि तेलाचा रंग यांची एका वहीत नोंद ठेवल्यास पंपाची कुरबुर वेळीच लक्षात येते. दाब उतरण्यास पूर्वी वीस मिनिटे लागत आणि आता चाळीस लागतात, हे ज्याच्या वहीत लिहिलेले आहे त्याला पंप बंद पडण्याची वाट पाहावी लागत नाही. लहान उद्योजकाच्या दृष्टीने काचेच्या खिडकीतून टाकलेली ही क्षणभराची नजर, वाया जाणाऱ्या मालापासून आणि ग्राहकाच्या आरोग्यास पोहोचणाऱ्या अपायापासून बचाव करणारी ठरते.