टपावरची काडी

धाराशिवच्या बसस्थानकापाशी पोलिसांची गाडी उभी दिसली की तिच्या टपाकडे बघा. तिथे एक बारीक काळी काडी असते, सायकलच्या स्पोकसारखी, गाडी सुटली की डुलणारी. लांबी नजरेनेच मोजा. साधारण अर्धा मीटर भरेल. आता विचार करा, अर्धाच मीटर का? वीतभर का नाही? पुरुषभर का नाही?

ही लांबी कारखानदाराच्या मर्जीवर नाही. ती प्रकाशाच्या वेगाने ठरवली आहे!

माझ्या एका मित्राने त्याच्या थार जीपमध्ये बिनतारी संच बसवला, तेव्हा हा हिशेब मी अंगणात उभा राहून पाहिला. आधी त्याने हॅम म्हणजे हौशी रेडिओचा परवाना काढला, मग संच आणला. त्याचा संच 145 मेगाहर्ट्झवर बोलतो, म्हणजे काडीतली वीज एका सेकंदात साडेचौदा कोटी वेळा वर-खाली धावते. लाट जाते प्रकाशाच्याच वेगाने, सेकंदाला तीन लाख किलोमीटर. भागाकार करा, एक लाट भरते दोन मीटरच्या किंचित वर. तिचा चौथा हिस्सा बावन्न सेंटिमीटर. प्रत्यक्षात काडी त्याहून थोडी आखूड ठेवतात, एकोणपन्नास-पन्नास. झोक्याला नेमक्या क्षणी धक्का दिला तर तो उंच जातो, अवेळी दिला तर अडतो. काडीची लांबी बरोबर असली की विजेच्या प्रत्येक हेलकाव्याला धक्का वेळेवर मिळतो. म्हणजे टपावरची काडी पाहून गाडी कुठल्या लाटेवर बोलते याचा अंदाज रस्त्यावरूनच बांधता येतो.

पण चौथाच हिस्सा कसा पुरतो? झोका तर दोन्हीकडे जायला हवा, आणि काडी एकाच बाजूला आहे. इथे मला सगळ्यात जास्त नवल वाटलं. दुसरी बाजू आहे, ती टपाच्या पत्र्यात आहे! तळ्याच्या काठाला काठी उभी धरली की पाण्यात तिचं प्रतिबिंब उलटं उभं राहतं. रेडिओलहरींच्या लेखी लोखंडी पत्रा म्हणजे असंच संथ पाणी. अर्धी ॲन्टेना वर, उरलेली अर्धी पत्र्यातल्या प्रतिबिंबात. तुम्ही गाडीवर रेडिओ बसवत नाही, गाडीलाच रेडिओचा भाग करून घेता.

म्हणूनच जागेला इतकं महत्त्व. टपाच्या मधोमध काडी असेल तर चारही दिशांना सारखा पत्रा मिळतो, आवाज सगळीकडे सारखा पसरतो. कोपऱ्यात लावली की पत्रा ज्या बाजूला जास्त, त्या बाजूला आवाज जास्त. आणि मित्राच्या थारला तर कापडी हूड! कापड म्हणजे पाणी आटलेलं तळं. शेवटी त्याने बॉनेटच्या कडेला पट्टी बसवून तिथे काडी लावली. मापं सगळी बरोबर, तरी शक्ती मोजणाऱ्या मीटरचा काटा म्हणत होता की पाठवलेल्या शक्तीतला चौथा हिस्सा परत फिरतोय. आडात हाक मारली की ती माघारी येते ना, तसंच. तारेतून गेलेली लाट काडीपाशी अडून संचाकडे उलटी येत होती.

दोष सापडला तो केसाएवढ्या जाडीच्या थरात. पट्टीखाली गाडीचा रंग होता. रंग मध्ये आला की पत्र्याशी नातं तुटतं. त्याने पॉलिश पेपरने रुपयाएवढी जागा घासली, पांढरं लोखंड उघडं केलं, पट्टी पुन्हा कसली, गंज चढू नये म्हणून वरून ग्रीस लावलं. मग काडी दोन-दोन मिलिमीटर कापत गेला. काटा खाली आला. आता शंभरातले दोनही परत फिरत नव्हते.

विजेच्या जोडणीत मात्र फार गूढ नाही. संच बोलताना दहा अँपिअरच्या आसपास ओढतो, म्हणून तार थेट बॅटरीवरून घ्यायची, बॅटरीजवळच फ्यूज लावायचा, सिगारेट लायटरच्या खोबणीवर भरवसा ठेवायचा नाही. एक गोष्ट तेवढी सांगतो, संचातल्या खरखरीची. 1880 च्या दशकात जर्मनीत हाइनरिश हर्ट्झने पहिल्यांदा रेडिओलहरी निर्माण केल्या त्या ठिणगी पाडून. पेट्रोल गाडीचा स्पार्कप्लगही ठिणगीच पाडतो, म्हणजे प्रत्येक पेट्रोल इंजिन हे हर्ट्झची प्रयोगशाळा घेऊन पळत असतं. डिझेल इंजिनात ठिणगीच नसते. ढणढणणारी डिझेल जीप रेडिओच्या कानाला शांत वाटते ती यामुळे.

आता लाट काडी सोडून निघाली. किती पोचते? संच पन्नास वॉटने बोलतो. चांगल्या संचाला ऐकू येण्यासाठी लागतो एका वॉटच्या दहा लाख अब्जाव्या भागाइतका अंश, एवढाच. एवढ्यातून माणसाचा आवाज, त्यातली काळजी, मागे भुंकणारं कुत्रं, सगळं परत उभं राहतं.

मग अडतं कुठे? जमिनीच्या गोलाईपाशी आणि डोंगरापाशी. ही लाट जवळजवळ सरळ रेषेत जाते. सपाट रानात दोन मीटर उंचीवर काडी असलेल्या दोन गाड्या दहा-बारा किलोमीटर बोलतात. त्यातली एक बालाघाटाच्या कड्यावर चढवा, पायथ्यापासून दीडशे मीटर वर, की हेच अंतर पन्नास किलोमीटरच्या पुढे जातं. तोच संच, तीच काडी! येडशीचा घाट उतरून गाडी डोंगराच्या आडोशाला गेली की आवाज चिरकतो. तेव्हा ताकद वाढवून फारसं साधत नाही, पन्नास पावलं उंचावर गेलं तर साधतं.

या भागाला बिनतारीचं मोल कुणी शिकवायला नको. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट, 3 वाजून 56 मिनिटं. गणेश विसर्जन करून लोक निजले होते. भूकंपात किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूच्या गावांतली दगडमातीची घरं कोसळली, हजारो माणसं गेली. त्या दिवसांत निरोपांच्या कामी हौशी रेडिओचालकही आपले संच घेऊन मदतीला आले. त्यांना खांब लागत नाही, टॉवर लागत नाही. एक बॅटरी, एक काडी, आणि पलीकडे ऐकणारा कुणीतरी.

ऐकणाऱ्यावरून आठवलं. बिनतारीवर एका वेळी एकच बोलतो. बटण दाबलं की तुमचे कान बंद, सोडलं की तोंड बंद. त्यामुळे बोलणं संपण्याआधी बटण सुटलं तर शेवटचा शब्द गळतो. इंग्रजीत नकार सहसा शेवटाच्या आधीच येऊन जातो, आपल्याकडे बहुधा शेवटी. “पुलावर पाणी आहे, गाडी आणू नका” यातला शेवटचा शब्द गळाला तर काय उरतं, म्हणून पाहा. मराठीत बोलणाऱ्याने वाक्य संपल्यावर क्षणभर थांबून मगच बटण सोडावं. मित्राच्या संचावर आम्ही मुद्दाम बटण आधी सोडून पाहिलं आणि दोघेही गप्प झालो.

कुणाला स्वतः बिनतारीवर बोलून पाहायचं असेल तर 27 मेगाहर्ट्झचा सिटिझन बँड आपल्याकडे 2005 पासून पाच वॉटपर्यंत विनापरवाना खुला आहे. तिथली लाट अकरा मीटरची, चौथा हिस्सा पावणेतीन मीटर. एवढी काडी घेऊन झाडाखालून जाणार कसं? म्हणून तिच्या पोटात तारेची गुंडाळी घालून लांबी दुमडून ठेवतात. हॅमसाठी मात्र केंद्र सरकारची परीक्षा द्यावी लागते. ती बाराव्या वर्षापासून देता येते, आणि सुरुवातीच्या दर्जाला मोर्स लिपीची कडकट्ट येण्याची अट नाही. घरात बारा वर्षांचं पोर असेल तर या सुट्टीत त्याच्या हातात टेप द्या आणि टपावरची काडी मोजायला सांगा.