इफ्तारची वेळ आणि घरचा पत्ता

मुंबईपेक्षा बीडला सूर्य सुमारे ११ मिनिटे आधी मावळतो. त्यामुळे इफ्तारची वेळ सांगण्यापूर्वी मोबाइलमधील अ‍ॅपने गाव विचारले, तर ते रास्तच. पण काही अ‍ॅप गावावर थांबत नाहीत, थेट घर गाठतात.

नोव्हेंबर २०२० मध्ये ‘मदरबोर्ड’ या नियतकालिकाने उघड केले, की ‘मुस्लिम प्रो’ अ‍ॅप वापरणाऱ्यांचे लोकेशन ‘एक्स-मोड’ कंपनीकडे जाते. तिच्या गिऱ्हाइकांत अमेरिकी लष्कराचे कंत्राटदार होते. बोभाटा झाल्यावर अ‍ॅपने हा व्यवहार थांबवला. फुकटात मिळालेली वेळ अशी महागात पडली!

दुकानांच्या जाहिरातींसह छापलेले सहेरी-इफ्तारचे वेळापत्रक कुणाचा पत्ता विचारत नाही. मोबाइलच हवा असेल, तर लोकेशन बंद करून यादीतून शहर निवडावे. रोजा सोडायला एक खजूर पुरतो. घराचा नकाशा कशाला?