कॉलेजला जावंसंच वाटत नाही? ७५ टक्के हजेरीचं गणित आणि दांडीमागची खरी कारणं

जून-जुलैत प्रवेशासाठी रांगा लागतात. ऑगस्टपर्यंत वर्ग बऱ्यापैकी भरलेले असतात. गणपती येऊन गेले की बाकं रिकामी व्हायला लागतात आणि दिवाळीच्या आधी तालुक्याच्या अनेक कॉलेजांत पोरं वर्गात कमी आणि गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर जास्त दिसतात. घरच्यांना वाटतं पोरगा कॉलेजला गेलाय, कॉलेजला वाटतं पोरगा शेतात असेल. परीक्षेचा फॉर्म भरायची वेळ आली की हजेरीची यादी लागते आणि मग धावाधाव सुरू होते.

"मनच लागत नाही" हे यावरचं नेहमीचं उत्तर. त्यातला आळसाचा भाग थोडाच असतो. बाकीची कारणं वेगळी आहेत आणि त्यातल्या बऱ्याच कारणांवर उपाय आहे.

आधी हिशोब: किती तास बुडवले तर चालतं?

नवीन शैक्षणिक धोरणाप्रमाणे राज्यातल्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून क्रेडिटची पद्धत लागू झाली. थिअरीचा १ क्रेडिट म्हणजे १५ तास. म्हणजे ४ क्रेडिटच्या विषयाला एका सेमिस्टरमध्ये ६० तास, आठवड्याला साधारण ४.

७५ टक्के हजेरी म्हणजे ६० पैकी ४५ तास. बुडवायला उरतात १५. पंधरा आठवड्यांत १५, म्हणजे आठवड्याला एक तास.

आता कोणी सोयाबीन काढणीसाठी सलग तीन आठवडे घरी राहिलं, तर १२ तास तिथेच गेले. उरलेल्या सगळ्या सेमिस्टरमध्ये फक्त ३ तास शिल्लक. सलग चार आठवडे गेले तर १६ तास बुडतात. त्यानंतर एकही दिवस न चुकता कॉलेजला गेलं तरी हजेरी ७५ च्या वर जात नाही. २ क्रेडिटच्या विषयाला तर ३० पैकी फक्त ७ तास बुडवता येतात.

"शेवटच्या महिन्यात भरून काढू" हे म्हणूनच जमत नाही. दांडी पुढून मारा की मागून, तास तेवढेच मोजले जातात.

हजेरी गेली तर काय काय जातं?

पहिली गोष्ट म्हणजे परीक्षेला बसण्याची परवानगी. आजारपणासारख्या कारणासाठी विद्यापीठाच्या नियमांत काही सवलत असते, पण त्यासाठी दाखला वेळेत द्यावा लागतो. यादी लागल्यावर आणलेल्या सर्टिफिकेटला फारशी किंमत राहत नाही.

दुसरी गोष्ट शिष्यवृत्ती. पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीच्या नियमांत ७५ टक्के हजेरीची अट आहे. महाडीबीटीवर फॉर्म भरला म्हणजे काम झालं असं समजून अनेक जण वर्गात येणं सोडतात आणि पुढे अर्ज अडकला की फी घरातून भरायची वेळ येते.

तिसरी गोष्ट अंतर्गत गुण. आता बऱ्याच ठिकाणी ३० ते ४० टक्के गुण कॉलेजच्याच हातात असतात. चाचणी, असाइनमेंट, प्रोजेक्ट, प्रात्यक्षिक यांवर ते मिळतात. जो वर्गात नसतो त्याला चाचणी कधी होती हेच कळत नाही. एटीकेटी लागलेल्या अनेक मुलांचं गणित पेपरात नाही, इथेच बिघडलेलं असतं.

हजेरी आणि गुण यांचा संबंध अभ्यासातूनही दिसला आहे. अमेरिकेतल्या क्रेडे आणि सहकाऱ्यांनी २०१० साली आधीचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. कॉलेजातले गुण कसे पडतील याचा अंदाज प्रवेश परीक्षेच्या किंवा आधीच्या शाळेतल्या गुणांपेक्षाही हजेरीवरून चांगला येतो, असं त्यांना आढळलं. सक्तीच्या हजेरीचा फायदा मात्र थोडाच दिसला. दंडाच्या भीतीने वर्गात बसवलेलं पोरगं शिकतंच असं नाही, हे गावातल्या कोणत्याही मास्तरला माहीत आहे.

मग मन का लागत नाही?

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी माणसाला आतून उत्साह कशामुळे येतो यावर अनेक वर्षं काम केलं. त्यांच्या मते तीन गोष्टी लागतात: हे मी निवडलंय असं वाटणं, मला हे जमतंय असं वाटणं आणि इथे माझी माणसं आहेत असं वाटणं. ग्रामीण भागातल्या मुलांच्या बाबतीत या तिन्ही ठिकाणी गाडी अडते.

निवड: अनेकांनी शाखा स्वतः निवडलेली नसते. जवळचं कॉलेज, मित्राने घेतलं म्हणून किंवा टक्के बसले म्हणून प्रवेश झालेला असतो. "डिग्री फक्त कागदाला पाहिजे" हे वाक्य पहिल्याच महिन्यात कानावर पडतं.

जमणं: दहावीपर्यंत मराठीत शिकलेला मुलगा सायन्सला आला की एकदम सगळं इंग्रजीत. फळ्यावरचं उतरवता येतं, पण समजत नाही. पंधरा दिवस असे गेले की वर्गात बसणं म्हणजे तासभर मान खाली घालून बसणं. मग टपरी बरी वाटते.

माणसं: गावातून तो एकटाच आलेला असतो. घरात कॉलेजची पायरी चढलेलं आधी कोणी नसतं, त्यामुळे विचारायचं कोणाला हा प्रश्न. प्राध्यापकांशी बोलायची भीती वाटते. त्यात काही कॉलेजांत तास वेळेवर होत नाहीत, जागा रिक्त असतात. तीस किलोमीटर जाऊन "आज सर नाहीत" ऐकलं की दुसऱ्या दिवशी पाय निघत नाही. हा मुलांचा दोष नाही, ही तक्रार खरी आहे.

याशिवाय बस, शेतातली कामं आणि भरतीची तयारी आहेच. पहाटे ग्राउंड, दिवसभर अभ्यासिका आणि कॉलेज नावाला, असा अनेकांचा दिनक्रम झालाय. पोलीस शिपाई भरतीला बारावी चालते, पण राज्यसेवेला पदवी लागते. शिवाय राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे. गोल काळे करून आता भागणार नाही, मुद्देसूद उत्तर लिहावं लागतं. इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्राच्या वर्गात तेच शिकवलं जातं आणि तिथे उत्तर तपासून देणारा माणूस फुकट मिळतो.

इच्छा होण्याची वाट बघू नये

"मूड आला की जाईन" हा यातला सगळ्यात मोठा सापळा. दोन दिवस दांडी झाली की तिसऱ्या दिवशी जायला लाज वाटते. आठवडा झाला की वर्गात काय चाललंय ते कळत नाही आणि न कळल्यामुळे आणखी जावंसं वाटत नाही. महिन्याभरात कॉलेज परकं होतं.

हे चक्र उलटंही फिरतं. आधी जायला लागलं की थोडं समजतं, समजलं की बरं वाटतं आणि इच्छा त्याच्यामागून येते. शेतात जायला कोणी मूडची वाट बघत नाही. पाण्याची पाळी आली की रात्री दोन वाजताही माणूस उठतो, कारण वेळ आणि काम दोन्ही ठरलेलं असतं.

जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी नेमकं हेच मांडलं. "मी नियमित जाईन" असा नुसता निश्चय टिकत नाही. "अमुक झालं की मी तमुक करणार" असं आधीच ठरवलेलं जास्त पाळलं जातं. उदाहरणार्थ: "साडेसहाची गाडी चौकात आली की मी चढणार. ती चुकली तर पुढच्या गाडीने जाऊन दुसरा तास तरी करणार." पहिला तास चुकला म्हणून अख्खा दिवस घालवणं ही सवय एवढ्याने मोडते.

करता येण्यासारख्या गोष्टी

• प्रत्येक विषयाचे बुडालेले तास वहीच्या शेवटच्या पानावर रेघा मारून मोजावेत. पंधरापैकी किती उरले ते दिसत राहिलं की हात आपोआप आखडतो.

• रात्रीचा मोबाईल. सकाळचं कॉलेज रात्री एक वाजेपर्यंत रील बघताना बुडतं. फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावणं हा साधा आणि फुकटचा उपाय आहे.

• एक सोबती ठरवावा. गावातून किंवा वाटेवरच्या गावातून दोघं-तिघं एकाच गाडीने निघाले की दांडी मारताना दुसऱ्याला उत्तर द्यावं लागतं.

• न समजलेला एक प्रश्न रोज लिहून ठेवावा आणि तास संपल्यावर सरांना किंवा मॅडमला विचारावा. मराठीत विचारला तरी चालतो. महिनाभरात प्राध्यापक नावाने ओळखायला लागतात.

• खंड पडलाच असेल तर सगळं भरून काढल्यावर जाऊ असं म्हणू नये. उद्याच जावं, वही मित्राची घ्यावी आणि मागचं दर रविवारी थोडं थोडं उतरवावं.

• तास होतच नसतील तर दहा-पंधरा जणांनी मिळून प्राचार्यांना लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. एकट्याने टपरीवर तक्रार करून काही बदलत नाही.

गाडी आणि पैसा

विद्यार्थ्याला एसटीच्या मासिक पासमध्ये ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे तिसरा हिस्साच भरावा लागतो. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून प्रवास मोफत आहे. पासचे पैसे भरलेलेच असतात, तेव्हा न जाणं म्हणजे तेही वाया.

गाडीची वेळ कॉलेजशी जुळत नसेल तर ग्रामपंचायतीचा ठराव आणि प्राचार्यांचं पत्र जोडून आगार व्यवस्थापकांकडे अर्ज करावा. मुक्कामी गाडी अर्धा तास आधी निघाली तरी एका मार्गावरच्या कितीतरी पोरांचा पहिला तास वाचतो.

पैशाची अडचण असेल तर कॉलेजात "कमवा व शिका" योजना आहे का ते विचारावं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केलं, तेव्हापासून श्रम करून शिकण्याची ही वाट महाराष्ट्रात रुजली. ग्रंथालय, प्रयोगशाळा, बाग अशा ठिकाणी काही तास काम करून खर्चाला हातभार लागतो आणि कॉलेजात राहण्याचं कारणही मिळतं.

घरच्यांनी काय करावं?

"कॉलेजला गेला होतास का?" या प्रश्नाला उत्तर नेहमी "हो" असतं. त्याऐवजी "आज कोणत्या सरांनी काय शिकवलं?" असं विचारावं. आई-वडील शिकलेले नसले तरी हा प्रश्न विचारता येतो. काढणीच्या दिवसांत मदत लागणारच, पण सलग तीन आठवडे ठेवण्यापेक्षा शनिवार-रविवार आणि दुपारनंतरची कामं मुलांकडे द्यावीत. सेमिस्टरला एकदा तरी कॉलेजात जाऊन हजेरी विचारून यावी.

मुलींच्या बाबतीत जास्त सांभाळावं लागतं. मुलाची हजेरी कमी झाली तर त्याला ओरडा बसतो. मुलीची कमी झाली तर "नाहीतरी जात नाही, मग स्थळं बघू" अशी चर्चा सुरू होते. ती का जात नाही, गाडीत त्रास होतो का, कॉलेजात स्वच्छतागृहाची सोय आहे का, हे आधी आईने किंवा मावशीने जवळ बसून विचारावं.

कारण वेगळं असेल तर

काही वेळा कॉलेजच नाही, काहीच नकोसं वाटतं. झोप लागत नाही, जेवण जात नाही, मित्रांशी बोलणं बंद होतं. असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं तर त्याला आळस म्हणू नये. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

आणि घरची परिस्थिती अशी असेल की रोज जाणं खरोखरच शक्य नाही, तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून काम करत पदवी घेता येते. कॉलेज सोडायचंच असेल तर मधेच गायब होण्यापेक्षा चालू सेमिस्टर पूर्ण करून सोडावं. मिळवलेले क्रेडिट खात्यावर जमा राहतात आणि परतीचा रस्ता उघडा राहतो.

ज्यांना जाणं शक्य आहे, त्यांनी या आठवड्यात एवढंच करावं: कॉलेजच्या कार्यालयात जाऊन आपली आजपर्यंतची हजेरी विषयवार लिहून घ्यावी. आकडा समोर आला की पुढचं ठरवणं सोपं जातं.