कंपवात, विद्युत्प्रवाह आणि वाणी

कंपवातात हात थरथरतो, पाऊल अडते. औषधाचा गुण दिवसभर टिकेनासा झाला की ‘डीप ब्रेन स्टिम्युलेशन’चा पर्याय पुढे येतो. १९८७मध्ये फ्रान्समधील ग्रेनोबल येथे आलिम-लुई बेनाबिद यांनी या उपचाराला आजचे रूप दिले. मेंदूत खोलवर बसवलेल्या बारीक तारा कातडीखालून छातीतील यंत्राला जोडतात. ते सेकंदाला साधारण १३० सूक्ष्म विद्युत्स्पंदने पाठवते. लोक त्याला ‘मेंदूचा पेसमेकर’ म्हणतात. कोणत्याही पारिभाषिक शब्दापेक्षा मला तेच नाव बरे वाटते.

विकार जात नाही, लक्षणे आवरतात. पण हात स्थिरावताना काहींची वाणी जड होते, शब्द चटकन सुचत नाहीत. म्हणून प्रवाह किती ठेवायचा, हे शस्त्रक्रियेनंतर अनेक भेटींत रुग्णाला विचारून ठरवतात. इचोड्याच्या माणसाला त्यासाठी हैदराबादच्या निम्ससारखे रुग्णालय गाठावे लागते. तिथे प्रश्न तेलुगूत वा हिंदीत येतो. ‘मुंग्या येतात’, ‘ओढल्यासारखं होतं’, ‘जीभ जड झाली’ ही तीन वेगळी लक्षणे आहेत. मराठी रुग्णाच्या सोबत्याने त्यांचे एकच ‘त्रास होतो’ करून सांगितले, तर यंत्र नेमके कुठे जुळवायचे हे डॉक्टरांना कळायचे कसे?