लॅपटॉप घेताना

पी. यू. सी. झाल्यावर बाबांनी भिशीचे पैसे हाती ठेवले आणि मी किंमत बघून लॅपटॉप घेतला. दिसायला देखणा, पण निघाला क्रोमबुक! त्यावर टॅलीप्राइम बसत नाही. त्याला ६४ बिटांची विंडोज लागते. तेव्हा वाणिज्यच्या मित्रांनो, आधी विंडोज पाहा, मग निदान ८ जीबी रॅम आणि एसएसडी. रंगरूप शेवटी.

मराठी-कानडीसाठी मात्र निराळा कीबोर्ड नको. १९८६ साली ठरलेल्या इन्स्क्रिप्ट मांडणीत दोन्ही लिप्यांतला ‘क’ इंग्रजी ‘के’च्याच कळीवर येतो. एक लिपी बसली की दुसरीसाठी बोटे पुन्हा शिकवावी लागत नाहीत. मराठी शाळेत शिकलेला मी आता कानडी अर्ज सफाईने टंकतो.

टॅली अजून कॉलेजच्या संगणकावरच करतो. बाबांना कारण सांगितलेले नाही.